सुकटीचा डबा आणि समुद्रातली रेघ



मे महिना संपत आला की आपल्या विंझरच्या, वेल्ह्याच्या, भोरच्या घरांत कामांची घाई असते. कुरडया-पापड वाळवून झाले, मिरची कुटून झाली, की सुकटीचा डबा भरायचा. माळकरी घरं सोडली तर हा डबा बहुतेक प्रत्येकीच्या फळीवर असतो. पाऊस लागला की ओढे फुगतात, बाजाराला जाणं होत नाही. लावणीहून चिखलानं भरलेल्या पायांनी घरी यावं, तव्यावर मूठभर सुकट भाजावी, कांदा-लसूण-तिखट घालावं, की भाकरी पोटात जाते.

ही सुकट आपल्या नदीतली नाही. ती घाटाखालून येते. पूर्वी घाटवाटांनी मीठ आणि सुकी मासळी वर यायची, आपल्याकडचं धान्य खाली जायचं. आता टेम्पोनं येते, एवढाच फरक. यंदाच्या बेगमीला सुकटीचा भाव ऐकून आम्ही बाजारात थबकलोच. सुकटवालीला विचारलं, एवढी महाग का गं? ती म्हणाली, "ताई, बोटी अर्ध्या रिकाम्या येतात. बाहेरच्या बोटी येऊन सगळं खरवडून नेतात."

बाहेरच्या म्हणजे कुठल्या? समुद्राला आत-बाहेर कुठून आलं? शेताला बांध असतो, गावाला शीव असते. पाण्यावर रेघ कोण मारतं, आणि ती मासा कसा पाळणार? या प्रश्नाचा माग काढताना जो इतिहास हाती लागला, तो आज तुम्हाला सांगतो आहोत.

आधी रेघा समजून घेऊ. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंतच्या पाण्यातल्या मासेमारीचे नियम ज्या त्या राज्याचे. त्यापुढे 200 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 370 किलोमीटरपर्यंत, मासेमारीचा हक्क आपल्या देशाचा, आणि तिथले नियम केंद्र सरकारचे. या हद्दींचा कायदा आपल्याकडे 1976 साली झाला. म्हणजे महाराष्ट्राच्या समुद्राला वर गुजरातची शीव, खाली गोव्याची, त्याखाली कर्नाटकची. गुजरातच्याही वर पाकिस्तानची.

आता मासा बघा. बांगडा आणि तारली थव्यानं फिरतात. पाण्याची ऊब, वारा, खाणं जिकडे असेल तिकडे जातात. आज कारवारपुढे, काही दिवसांनी वेंगुर्ल्यापुढे. बोंबील गुजरातच्या पाण्यातही आहे आणि आपल्या पालघर-मुंबईकडेही. सुरमईचा तर पल्ला आणखी मोठा. एका राज्यानं पिल्लं राखली आणि शेजाऱ्यानं तीच धरली, तर राखणाऱ्याच्या हाती काय राहणार? बांधाच्या एका बाजूला गवत राखायचं आणि दुसऱ्या बाजूनं गुरं सोडायची, तसंच हे.

जुन्या काळी यावर काही रिती होत्या. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊनच समुद्रात जायचं. खवळलेल्या दर्यात जीव वाचायचा, आणि पुष्कळ मासे पावसाळ्याच्या सुमारास अंडी घालतात, त्यांनाही उसंत मिळायची. मुंबई-पालघरकडे डोल जाळं लावतात. समुद्राच्या तळात खुंट रोवून त्याला हे पिशवीसारखं जाळं बांधायचं. भरती-ओहोटीबरोबर बोंबील, जवळा त्यात शिरतो. या खुंटांच्या जागेला कव म्हणतात. कोणाची कव कुठे, हे गावोगाव ठरलेलं असे. खाली सिंधुदुर्ग-गोव्याकडे रापण. किनाऱ्यावरून पाच-पन्नास माणसांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा. आपल्याकडच्या इर्जिकीची आठवण व्हावी असंच ते काम.

पण मैत्रिणींनो, तेव्हा सगळं गोडीगुलाबीनं चालायचं असं समजू नका. कवींच्या जागेवरून भांडणं होती, आजही आहेत. वसई, अर्नाळा, उत्तनकडचे मच्छीमार लांब वर जाऊन कवी मारतात, आणि सातपाटी-डहाणूकडचे म्हणतात की आमच्या तोंडचं पाणी अडवलं. दोन्ही बाजूंचे कोळी, दोन्ही मराठी बोलणारे. तेव्हा भांडण फक्त परक्याशीच होतं असं नाही. फरक इतकाच की जुन्या होडीची आणि हातानं विणलेल्या जाळ्याची ताकदच मर्यादित होती. भांडून भांडून माणसं थकायची, मासा शिल्लक राहायचा.

ही मर्यादा यंत्रानं मोडली. 1952 साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा इथे मासेमारी सुधारण्याचा प्रकल्प सुरू झाला. हेतू चांगला होता. होड्यांना इंजिन, मासळीला बर्फ, गावाला दवाखाना आणि नळाचं पाणी. पण पुढे परदेशात कोळंबीला मोठा भाव आला आणि तळ खरवडणारं जाळं ओढणारे ट्रॉलर वाढत गेले. हे जाळं कोळंबीबरोबर पिल्लं, अंडी, किडूकमिडूक सगळंच उचलतं. ट्रॉलर खोल पाण्यात जावेत अशी अपेक्षा होती. पण कोळंबी किनाऱ्याजवळ, म्हणून तेही किनाऱ्याजवळच आले. रापणकऱ्यांची जाळी तुटू लागली.

गोव्यात 1970 नंतरच्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले. मातान्ही साल्ढाणा हे त्यांचे पुढारी. हेच दुखणं केरळात, तमिळनाडूत, सगळीकडे होतं. 1978 साली निरनिराळ्या राज्यांतल्या लहान मच्छीमारांनी मिळून एक देशव्यापी मंच उभा केला. तोच पुढे राष्ट्रीय मच्छीमार मंच म्हणून ओळखला गेला. त्यांची मागणी साधी होती: किनाऱ्याजवळचं पाणी लहान होडीवाल्यांसाठी राखा. त्यातूनच 1980 साली गोव्यात आणि केरळात, आणि 1981 साली महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे कायदे झाले.

कायदा झाला, पण तो राज्याराज्याचा. इथे खरी गाठ बसली. प्रत्येक राज्यानं आपल्या पाण्यापुरता नियम केला, आणि मासा मात्र सगळ्यांच्या पाण्यातून फिरत राहिला.

सिंधुदुर्गचं उदाहरण घ्या. मालवण, आचरा, देवगड, निवती, वेंगुर्ले इथले छोटे मच्छीमार गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत की कर्नाटकातल्या मलपीकडचे आणि गोव्याकडचे वेगवान ट्रॉलर रात्री आपल्या हद्दीत येतात, मासळी ओढतात आणि जाता जाता आपली जाळीही तोडून जातात. त्यात पर्ससीन जाळं आलं. माशांच्या थव्याभोवती हे जाळं गोल फिरवायचं आणि बटव्याची दोरी ओढावी तसं खालून आवळायचं. थवाच्या थवा एका फेरीत वर. शिवाय रात्री पाण्यावर एलईडीचे झगझगीत दिवे सोडून मासे गोळा करायचे, तेही सुरू झालं.

या पर्ससीनचा अभ्यास करायला महाराष्ट्र सरकारनं डॉ. सोमवंशी यांची समिती नेमली. तिच्या अहवालावरून 5 फेब्रुवारी 2016 ला आदेश निघाला आणि राज्याच्या पाण्यात पर्ससीनवर मोठी बंधनं आली. किती नौकांना परवाना, कोणत्या भागात, कोणत्या महिन्यांत, सगळं आखून दिलं. 2017 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं 12 मैलांपुढच्या पाण्यातही एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली. 2021 साली राज्याचा कायदा दुरुस्त झाला आणि जो दंड पूर्वी किरकोळ होता तो लाखांत गेला. एलईडी वापरला तर 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत. 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोननंही पाळत ठेवतात.

तरी भांडण मिटलं का? नाही. कारण आपल्या हद्दीत जे बंद, ते रेघेपलीकडे तसंच बंद असेल असं नाही. मग तिकडचा म्हणतो, मी माझ्या पाण्यात होतो. इकडचा म्हणतो, नाही, तू आत आला होतास. अंधारात, लाटांवर, ती रेघ दाखवणार कोण? आपल्या रत्नागिरीतही पर्ससीनवाले आहेत. त्यांचंही म्हणणं असतं की आमच्यावर बंधन आणि शेजाऱ्याला मोकळीक, हा कुठला न्याय? त्यांनीही कर्ज काढूनच बोट घेतलेली असते. आणि बोटीवर राबणारा खलाशी तर दोन्हीकडे गरीबच.

मग एकोपा कधीच झाला नाही का? झाला. तो भाग आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

1991 साली केंद्र सरकारनं खोल समुद्रात परदेशी कंपन्यांच्या भागीदारीनं मोठी जहाजं आणायचं धोरण आणलं. तेव्हा एरवी एकमेकांची जाळी तुटली म्हणून भांडणारे गुजरातपासून बंगालपर्यंतचे मच्छीमार एकत्र आले. होडीवाले आले, ट्रॉलरवालेही आले. 1994 च्या नोव्हेंबरात देशभरच्या किनाऱ्यावर बंद पाळला गेला. केरळचे थॉमस कोचेरी, आपल्याकडचे रामभाऊ पाटील असे पुढारी त्यात होते. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली. या जहाजांचे परवाने रद्द करा, असं त्या समितीनं 1996 साली सांगितलं आणि सरकारला ते धोरण मागे घ्यावं लागलं.

दुसरा एकोपा पावसाळी बंदीचा. पूर्वी प्रत्येक राज्याच्या तारखा वेगळ्या. एकाची बंदी उठायची तेव्हा दुसऱ्याची चालू असायची. बंदी पाळणारा किनाऱ्यावर बसून बघायचा आणि शेजारची बोट मासळी भरून न्यायची. 2015 पासून केंद्रानं आपल्या पश्चिम किनाऱ्यासाठी 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस ठरवले. त्यातही केरळ आपल्या पाण्यात 52 दिवसच पाळतं, म्हणजे सूर पूर्ण जुळला नाही. तरी पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं. आपण जून-जुलैत फळीवरून सुकटीचा डबा काढतो, तेव्हा खाली समुद्राला विश्रांती असते, हे ध्यानात ठेवा.

आता सगळ्यात अवघड शीव. गुजरातच्या वर, कच्छजवळ, सर क्रीक नावाची एक खाडी आहे. तिथून भारत-पाकिस्तानची हद्द नेमकी कशी जाते, याचा वाद अजून सुटलेला नाही. त्यामुळे समुद्रातली रेघही पक्की नाही. पोरबंदर, ओखा, वेरावळच्या बोटी मासळीमागे वर जातात, आणि पाकिस्तानची यंत्रणा त्यांना पकडते. तिकडच्या बोटी इकडे आल्या की आपली यंत्रणा पकडते.

याचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध काय? गुजरातच्या त्या बोटींवर खलाशी म्हणून पालघर, डहाणू, तलासरीकडची आदिवासी मुलं मोठ्या संख्येनं जातात. पावसाळा संपला की घर सोडायचं, हंगामभर बोटीवर राबायचं. बोट मालकाची, रेघ सरकारची, आणि तुरुंग मात्र खलाशाच्या वाट्याला. 2021 च्या नोव्हेंबरात ओख्याजवळच्या समुद्रात पाकिस्तानी यंत्रणेच्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातला एक मच्छीमार मारला गेला. 2024 साली पालघरमधल्याच एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. देह घरी यायला महिन्याहून जास्त दिवस लागले.

मैत्रिणींनो, माणूस तुरुंगात गेला की घरच्या बाईचं काय होतं, याचा विचार करा. पगार बंद. तो जिवंत आहे की नाही, हे कळायला महिने. उचल घेतलेली असेल तर ती डोक्यावर. पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचं दुखणं, सगळं तिच्या एकटीवर. आपल्याकडचे पुरुष पुण्या-मुंबईला कामाला जातात, आठवडाभर फोन आला नाही तर आपला जीव कसा होतो! तिथे वर्षंच्या वर्षं जातात. कराचीकडच्या कोळणींचंही हेच; त्यांचे नवरे-मुलं गुजरातेतल्या तुरुंगात असतात.

या बाबतीत थोडंसं काम झालं आहे. 2005 साली दोन्ही देशांच्या तटरक्षक यंत्रणांमध्ये एकमेकांशी संपर्क ठेवण्याचा करार झाला. 2008 च्या करारानुसार दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश आपापल्या तुरुंगांतल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. यादीत नाव दिसलं की निदान तो जिवंत आहे एवढं कळतं. पण शिक्षा संपल्यावरही ओळख पटवण्यात, कागद हलण्यात दिवस जातात.

रेघ पक्की होईपर्यंत हे असंच चालणार, असं लोक म्हणतात. आम्हालाही तसंच वाटायचं. पण जगाच्या दुसऱ्या टोकाला वेगळं घडलं आहे. उत्तरेला नॉर्वे आणि रशिया यांच्यामध्ये बॅरंट्स समुद्र आहे. तिथला मुख्य मासा कॉड. त्याची पिल्लं वाढतात एका बाजूला, मोठा मासा जातो दुसऱ्या बाजूला. या दोन देशांचीही समुद्रातली हद्द ठरलेली नव्हती. शीतयुद्धाचा काळ, एकमेकांवर भरवसा शून्य. तरी 1970 नंतरच्या दशकात त्यांनी मासेमारीसाठी संयुक्त आयोग नेमला. वादातल्या पाण्यासाठी 1978 साली वेगळी तडजोड केली: हद्द ठरेल तेव्हा ठरेल, तोवर तुझ्या बोटी तू तपास, माझ्या मी तपासतो. दर वर्षी एकत्र बसून या वर्षी किती कॉड धरायचा ते ठरवायचं, इतर देशांसाठी थोडा बाजूला काढायचा आणि उरलेला दोघांनी निम्मा निम्मा घ्यायचा. हद्दीचा करार झाला 2010 साली. म्हणजे रेघेचा वाद मिटण्याआधी तीस-बत्तीस वर्षं ते मासा वाटून घेत होते. पुढे जाळ्याचा आस आणि माशाचं कमीत कमी मापही दोन्हीकडे एक केलं. युक्रेनच्या युद्धानंतर संबंध फार बिघडले, तरी आकडा ठरवायला ते बसतातच. तिथेही चोरटी मासेमारी झाली आणि अलीकडे कॉडही कमी झाला आहे. पण कमी धरायचा निर्णयही दोघं मिळून करतात.

या सगळ्या इतिहासातून आम्हाला एक गोष्ट उमगली. आधी हद्द ठरवू, मग मासा राखू, असं म्हणत बसलं तर मासा राहत नाही. मासा राखायला रेघेच्या दोन्ही बाजूंना एकच नियम लागतो: विश्रांतीचे दिवस तेच, जाळ्याचा आस तोच, धरायच्या माशाचं माप तेच. आणि तो पाळला जातो की नाही, हे बघणारं कुणीतरी दोघांच्याही विश्वासाचं लागतं. आपल्या बचत गटात एकीला व्याज माफ आणि दुसरीला दंड असं केलं, तर गट किती महिने चालेल?

हे फक्त समुद्राचं नाही. आपल्या पानशेत-वरसगावचं पाणी मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जातं. उजनीचा फुगवटा पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या 3 जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिन्हीकडचे मच्छीमार त्यावर जगतात. कुणी बारीक आसाचं जाळं लावून बोटभर पिल्लं काढली, की पलीकडच्या काठाचं पोट मारलं जातं. त्यावरून तिथे आंदोलनंही झाली आहेत. आपल्या धरणांच्या काठीही गावं समोरासमोर आहेत. उद्या आपल्यातल्या कुणा गटानं मासळीचा धंदा करायचं मनात आणलं, तर पहिलं काम जाळं विकत घेण्याचं नाही. पलीकडच्या काठावरच्या बायांना भेटायचं आणि पिल्लं कधी धरायची नाहीत ते दोघींनी मिळून ठरवायचं.

आणि एक गोष्ट. मासे धरायला पुरुष जातात. निवडणं, खारवणं, सुकवणं, डोक्यावर पाटी घेऊन विकणं हे काम बहुतेक बायांचं. मासा लहान येऊ लागला हे सगळ्यात आधी तिला कळतं, कारण तो तिच्या हाताखालून जातो. पण नियम ठरवायच्या बैठकीत ती किती वेळा असते? ग्रामसभेत, पाणीवाटपाच्या बैठकीत आपण किती वेळा असतो, तेही यानिमित्तानं आठवून बघा.

आपल्या हातातही थोडं आहे. महाराष्ट्रानं 2023 साली 54 जातींच्या माशांची कमीत कमी मापं ठरवून दिली. पापलेट 135 मिलिमीटर, म्हणजे साधारण सव्वापाच इंच. बोंबील 180 मिलिमीटर, म्हणजे सात इंच. त्याहून लहान धरायचा नाही. बाजारात रुपयाएवढी पापलेटं स्वस्त दिसली तर हात आवरा. सुकटवालीला विचारा, हे कुठलं, एवढं बारीक का? ती रागावणार नाही. बारीक मासा विकून तिचंही भागत नाहीच.

आम्ही विचारलं, तेव्हा ती पाटीवरून हात फिरवत म्हणाली, "माझी आय म्हणायची, दर्याचं समद्यांचं असतं. पर समद्यांचं म्हंजी कुणीबी कवाबी न्यावं, असं न्हवं." घरी येऊन आम्ही डबा भरला. यंदा जरा कमीच भरला.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटात याच्यावर बोला. तुमच्या काठचं पाणी कुणाकुणाच्या वाट्याचं आहे, त्याची नावं कागदावर लिहून काढा, आणि आपल्या केंद्रावर कळवा. नमस्कार.